गुणगुण जावी, आवाज राहावा

कपाटातल्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घेण्याचं काम सध्या बऱ्याच घरांत चालू आहे. आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी, आजीच्या ओव्या, कुणाच्या लग्नातली मंगलाष्टकं. कॅसेट वाजते, पण मागे सतत ‘हूंऽऽ’ अशी गुणगुण ऐकू येते. ही गुणगुण बहुतेकदा विजेची असते. इंदूर असो, बडोदा असो की बंगळूर, आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनं पूर्ण करणारी. अर्थिंग नीट नसेल तर ती रेकॉर्डिंगमध्ये शिरते आणि सोबत 100, 150 अशा पटीतले सूरही आणते.

‘ऑडॅसिटी’ या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये यावर ‘नॉच फिल्टर’ आहे. एकच ठरावीक सूर कापायचा आणि बाकीचं जमेल तितकं तसंच ठेवायचं, हे त्याचं काम. त्यात दोन आकडे भरायचे असतात : कुठला सूर कापायचा, आणि ‘क्यू’. क्यू जितका मोठा, तितका काप अरुंद.

अडचण इथेच आहे. पहिल्या चौकटीत आधीपासून 60 हा आकडा असतो. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची आहे, आपल्याकडे नाही. क्यू असतो 1, म्हणजे काप बराच रुंद. नवखा माणूस आकडे न बदलता फिल्टर लावतो. गुणगुण कमी होते, पण जात नाही. मग तो 100 आणि 150 वरही तसेच रुंद काप देतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण 85 ते 180 हर्ट्झच्या दरम्यान असतो. म्हणजे गुणगुणीबरोबर आजोबांच्या आवाजातला भारदस्तपणाही कापला जातो.

म्हणून या फिल्टरमध्ये तीन सुधारणा हव्यात.

पहिली, आकडा लिहायला लावण्याऐवजी ‘50 की 60’ अशी निवड समोर ठेवावी. दुसरी, ‘पटीतले सूरही काढा’ अशी एक खूण असावी आणि ती निवडल्यावर सगळे काप आपोआप अरुंद राहावेत. तिसरी सर्वांत महत्त्वाची : जे कापलं जाणार आहे, तेवढंच ऐकायची सोय हवी. ऑडॅसिटीच्याच ‘नॉइज रिडक्शन’मध्ये ती आहे. कापलेल्या भागात नुसती ‘हूं’ ऐकू आली तर ठीक; शब्द ऐकू आले तर आपण माणसाचा आवाज कापतोय, हे लगेच कळेल.

अशा सूचना बनवणाऱ्यांपर्यंत पोहोचवायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. मात्र ‘फिल्टर नीट चालत नाही’ एवढंच लिहून उपयोग नाही. आपली आवृत्ती कोणती, काय करायचं होतं, कोणते आकडे भरले, काय झालं आणि काय व्हायला हवं होतं, ते सांगा. दहा सेकंदांचा नमुना जोडा. त्यात घरगुती बोलणं नसेल असं पाहा. एका पत्रात एकच सूचना करा. तीच मागणी आधी कुणी केली असेल, तर नवी न लिहिता तिथेच आपला अनुभव जोडा. 50 हर्ट्झच्या देशांतून असं कुणी लिहिलंच नाही, तर ही अडचण त्यांना दिसणार कशी?

तोपर्यंत स्वतःच 50 लिहा, क्यू 10 पासून सुरू करा आणि लागेल तसा बदला. कॅसेट प्लेअरचा वेग थोडा मागेपुढे असेल तर गुणगुण 49 किंवा 51 वरही सरकते. ‘प्लॉट स्पेक्ट्रम’मध्ये तिचा उंचवटा कुठे दिसतो ते बघून आकडा ठरवा.

आणि कुठलाही फिल्टर लावण्याआधी मूळ रेकॉर्डिंगची एक प्रत वेगळी ठेवा. गुणगुण उद्याही काढता येईल. कापून जतन केलेला आवाज मात्र परत आणता येत नाही.