आठशेची नळी

परवा शनिवारी देवळीला घरी गेलो, तर बाबांच्या १९९८च्या मारुती ८०० भोवती पेट्रोलचा वास! बॉनेट उघडलं. कार्ब्युरेटरकडे जाणारी रबरी नळी जराशी वाकवली, तर सगळीकडे बारीक भेगा. गरम इंजिनावर पेट्रोल गळलं असतं तर... याच गाडीतून बाबा आईला वर्ध्याला दवाखान्यात नेतात.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इतक्या जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. शिवाय इथेनॉल ओलावा ओढतं, म्हणून गाडी महिनोन्‌महिने नुसती उभी ठेवणंही वाईट.

"विकून टाका आता," मी म्हटलं. वीस वर्षांवरच्या कारची नोंदणी नूतनीकरणाची फी २०२५ मध्ये १०,००० रुपये झाली, हेही ऐकवलं.

"कायले इकतं? नळी बदल ना!"

बदलली. इंजिन थंड होऊ दिलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. इथेनॉल चालणारी नळी, दोन क्लिपा, स्क्रूड्रायव्हर. अर्ध्या तासात काम झालं.

माझं मत विचाराल तर, जुनी गाडी ठेवायचीच असेल तर महिन्यातून एकदा बॉनेट स्वतः उघडा. ऑइल, कूलंट, बेल्ट, नळ्या बघा. ब्रेकचं काम मात्र मिस्त्रीकडेच द्या. आणि एवढंही जमणार नसेल, तर 'बाबांची आठवण' वगैरे म्हणू नका, सरळ विकून टाका.

असो. तुमच्या गाडीची नळी शेवटची कधी पाहिलीत?