वशिल्याचें तट्टू

आपल्या सुशिक्षित घरांत एकाच गोष्टीला दोन नांवें असतात. शेजाऱ्याच्या मुलाला कोणाच्या चिठ्ठीनें जागा मिळाली म्हणजे तो वशिला. आपल्या जांवयाची बदली कोणी शब्द टाकून घराजवळ करून दिली म्हणजे ती ओळख. वाचकांनीं हें वाचून रागावूं नये. ज्या दोषाचें खापर आपण नेहमीं पुढाऱ्यांच्या माथीं फोडतों, त्याचें एक मूळ आपल्याच ओसरीवर आहे, एवढेंच आम्हांस आज दाखवावयाचें आहे.

वशिल्याचें राज्य उघड उघड कसें चालतें हें पाहावयाचें तर एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकेकडे पाहावें. अँड्र्यू जॅक्सन १८२९ सालीं अध्यक्ष झाल्यापासून 'ज्याच्या हातीं ससा तो पारधी' हा न्याय तेथें रूढ झाला. निवडणूक जिंकणाऱ्या पक्षानें पोस्टमास्तरापासून जकातीच्या कारकुनापर्यंत आपलीं माणसें बसवावीं, आणि त्या माणसांनीं पगाराचा कांहीं हिस्सा पक्षाच्या फंडांत भरावा, असा तो व्यवहार होता. न्यूयॉर्क शहरांतील टॅमनी हॉल ह्या संस्थेनें तर नोकऱ्या वांटून मतें गोळा करण्याचा कारखानाच घातला होता. शेवटीं २ जुलै १८८१ रोजीं चार्ल्स गिटो नांवाच्या, हवी ती जागा न मिळालेल्या इसमानें अध्यक्ष गारफील्ड ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ सप्टेंबरला ते वारले. त्यांच्या मागून आलेले चेस्टर आर्थर हे एके काळीं पक्षाच्याच जोरावर न्यूयॉर्कच्या जकात कचेरीचे मुख्य झालेले गृहस्थ! तरीही परीक्षा घेऊन नोकऱ्या देण्याच्या पेंडलटन कायद्यावर १६ जानेवारी १८८३ रोजीं सही त्यांनींच केली. आरंभीं हा कायदा सुमारें एक दशांश जागांनाच लागू होता. पण पायंडा पडला.

ही कल्पना हिंदुस्थानास मात्र नवी नव्हती. कंपनी सरकारच्या बड्या जागा डायरेक्टरांच्या शिफारशीनें भरण्याची चाल १८५३ च्या सनदेनें मोडली व १८५५ पासून लंडनांत खुली परीक्षा सुरू झाली. ती १९२२ पर्यंत केवळ विलायतेंतच होत असे, हा अन्याय निराळा. परंतु येथें एक प्रश्न सहज उभा राहतो. दाराशीं परीक्षा बसविली म्हणजे आंतला वशिला संपतो काय? ह्याचें उत्तर आपल्या महाराष्ट्रास १८८८ सालीं मिळालें.

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. तेथील जी मोठी मंडई आतां महात्मा जोतीबा फुले ह्यांच्या नांवाची आहे, ती पूर्वीं त्यांच्याच नांवानें बांधलेली. पुढें ते पुण्यास मध्य विभागाचे कमिशनर झाले. आपला खानदेश ह्याच विभागांत मोडे. आजचें मुक्ताईनगर तेव्हां एदलाबाद ह्या नांवानें भुसावळ तालुक्यांतील एक पेटा होता. एदलाबादेपासून साताऱ्यापर्यंतच्या मामलेदारांच्या बढत्या-बदल्यांवर ह्या एका साहेबाच्या शब्दाचें वजन पडे. साहेब कर्जबाजारी होते. हणमंतराव राघवेंद्र नांवाच्या मध्यस्थाच्या द्वारें पैसे पोंचविले म्हणजे बढती किंवा सोयीचा तालुका मिळतो, असा गवगवा झाला. गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांनीं चौकशी लावली आणि खरें सांगणाऱ्या मामलेदारांस अभयवचन दिलें. हणमंतरावास शिक्षा झाली. साहेबांवरील लांचेचा आरोप चौकशी कमिशननें शाबीत मानला नाहीं. हाताखालच्या लोकांकडून कर्जाऊ पैसे घेतल्याचा दोष मात्र त्यांच्या पदरीं आला, व त्यांची नोकरी गेली.

विचार करण्याजोगी गोष्ट ह्यापुढेंच आहे. जो पैसे देऊन जागा मिळविल्याचें कबूल करतो त्यानें लोकांचे न्याय कसे करावे, अशी ओरड विलायतेंत उठली. आणि अभयवचन असूनही कांहीं मामलेदारांस काढून टाकण्यांत आलें. १८८९ सालीं टिळकांनीं ह्या मामलेदारांची बाजू उचलून धरली. सरकारचें वचन तें वचन, हा त्यांचा मुद्दा आम्हांस बिनतोड वाटतो. तथापि विलायतेंतील ओरडही निव्वळ खोटी नव्हती. बदलीसाठीं मोजलेले पैसे मामलेदार कोठून भरून काढणार? शेवटीं ते रयतेच्याच खिशांतून निघावयाचे. आणि तो मामलेदार कांहीं खलपुरुष नव्हता. वृद्ध मातापितरें, मुलांची शाळा, बायकोचें दुखणें ह्यांच्या चिंतेनें वांकलेला तो तुमच्याआमच्यासारखाच कुटुंबवत्सल मनुष्य होता. वशिल्याचा बाजार लोभावर चालतो असें आपण समजतों. पण तो लोभापेक्षां अधिक भीतीवर चालतो.

ही भीति कमी करण्याचा यत्न महाराष्ट्रानें पुढें कायद्यानें केला. बदल्यांचें विनियमन करणाऱ्या २००५ च्या अधिनियमानें सामान्यतः तीन वर्षांची मुदत ठरवून दिली, बदल्यांचे महिने एप्रिल व मे ठरविले, आणि अपवाद करावयाचा तर कारण लेखी नोंदवावें असें सांगितलें. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही किमान मुदतीचा आग्रह धरला व तोंडी हुकुमांवर विसंबूं नये असें अधिकाऱ्यांस बजावलें. हे उपाय चांगले आहेत. परंतु अपवादाच्या खिडकींतून वशिल्याचें तट्टू आंत शिरतें, आणि त्याचा लगाम पुष्कळदां एखाद्या सुशिक्षित सासऱ्याच्या किंवा काकांच्या हातीं असतो.

मुक्ताईनगरानजीक कोथळीस मुक्ताबाईचें जुनें देऊळ आहे. तिची एक कथा सर्वांस ठाऊक आहे. संतमंडळी जमली असतां तिच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनीं थापटणें घेऊन एकेकाचें मस्तक ठोकून पाहिलें, आणि नामदेवाचें मडकें कच्चें ठरविलें. नामदेव रुसून थेट पांडुरंगाकडे गेला. त्याच्याहून मोठा वशिला कोणाचा असणार? प्रत्यक्ष देव त्याच्या हातचा नैवेद्य जेवणारा! पण देवानें निकाल फिरविला नाहीं; विसोबा खेचरांना गुरु कर, एवढेंच सांगितलें. लाडक्या भक्ताचें खरें कल्याण कशांत आहे हें देव जाणत होता.

आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं इतकें केलें तरी पुरे. मुलगा किंवा जांवई "काका, त्यांना एक शब्द सांगा ना" म्हणत आला, तर त्याचा अर्ज नीट लिहून द्यावा, त्याची अडचण खरी असल्यास ती कागदावर मांडावयास सांगावें, आणि नियमाप्रमाणें दाद मागण्याचा मार्ग दाखवावा. शब्द मात्र टाकूं नये. कारण ज्या जागेसाठीं आपण शब्द टाकतों, तिच्यावर हक्क असलेला कोणी दुसरा मुलगा दूरच्या एखाद्या पेट्यांत आपली पाळी येण्याची वाट पाहत असतो, आणि त्याच्या घरीं शब्द टाकणारें कोणी नसतें.