निकाहआधी एक रक्ततपासणी

लाळ नळीत भरून पाठवा, पुढे कोणते आजार होऊ शकतात ते घरबसल्या कळेल, अशा जाहिराती आता आपल्याकडेही दिसतात. ही जनुकीय तपासणी करावी का, असे लोक विचारतात. माझे म्हणणे एवढेच, की निकाल हातात आल्यावर तुम्ही काय वेगळे करणार आहात, ते आधी ठरवा.

मधुमेह किंवा हृदयविकार सहसा एका जनुकामुळे होत नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा, त्यात खाणे, वजन आणि तंबाखूची भर. 'धोका जास्त' असा अहवाल आला तरी डॉक्टर सांगणार तेच : चाला, गोड कमी करा, तंबाखू सोडा. अम्मी-अब्बांना साखर आहे, ही माहिती तर फुकटच मिळते. अमेरिकेत 'ट्वेंटी-थ्री अँड मी' या कंपनीला २०१३ मध्ये असे आरोग्य अहवाल विकणे थांबवावे लागले. पुढे परवानगी मिळाली; पण २०१८ मध्ये मंजूर झालेली तिची स्तनाच्या कर्करोगाची तपासणी हजाराहून अधिक ज्ञात बदलांपैकी तीनच पाहत होती, तेही मुख्यतः अश्केनाझी ज्यूंमध्ये आढळणारे. अशा तपासणीत 'काही आढळले नाही' असे आले, म्हणून आपल्या बहिणींनी निश्चिंत व्हावे का? २०२३ मध्ये याच कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली.

पण आनुवंशिक आजाराची एक तपासणी मात्र मी आग्रहाने करायला सांगेन, थॅलेसेमियाची. थॅलेसेमिया मायनर असलेला माणूस धडधाकट असतो, त्याला स्वतःला पत्ताही नसतो. नवरा-बायको दोघेही मायनर निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर होण्याची शक्यता २५ टक्के. त्या लेकराला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आणि शरीरात साठणारे लोह काढायला औषधे लागतात. आपल्यात चुलत, मामे, मावस भावंडांत सोयरिकी होतात. एकाच आजोबांकडून आलेला दोष दोघांकडे असण्याची शक्यता तिथे वाढते.

काहीजण म्हणतात, तकदीरमध्ये असेल ते होईल. पण आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावे, ही शिकवण आपल्याला पैगंबरांनीच (स.) दिली आहे. इराणने १९९७ मध्ये लग्नाआधी ही तपासणी देशभर सक्तीची केली, सौदी अरेबियाने २००४ मध्ये.

खरी भीती वेगळीच आहे. तपासणी फक्त मुलीची होईल, निकाल मोहल्लाभर पसरेल आणि तिची सोयरीक जमणार नाही. ही भीती खोटी नाही. म्हणून इराणची पद्धत पाहावी. तिथे आधी मुलाचे रक्त तपासतात. त्यात शंका आली तरच मुलीचे. आणि मायनर मुलीचे लग्न दोष नसलेल्या मुलाशी झाले, तर त्यांना मेजर मूल होत नाही. म्हणजे तपासणीने कोणाचेच लग्न अडत नाही, जोडी तेवढी पाहून जुळवायची असते.

मंगनीची मिठाई वाटल्यानंतर नकार देणे दोन्ही घरांना जड जाते, म्हणून हे मंगनीआधी व्हावे. सामुदायिक निकाह लावणाऱ्या जमातींनी नावनोंदणीच्या वेळीच आधी मुलाचा अहवाल मागावा आणि तो बंद पाकिटात ठेवावा. दहेजच्या यादीवर आपण तासन् तास बसतो. या एका कागदासाठीही थोडा वेळ काढायला हवा.