मनगटाचाही विचार करा
पीकविम्याची मुदत संपत आली की जेऊरसारख्या गावात सेवा केंद्राची रांग दाराबाहेर जाते. सातबारा, आधार, पासबुक. ऑपरेटरचं बोट दिवसभर माऊसवर टकटकत असतं. सपाट माऊस धरताना तळवा खाली वळतो आणि कोपरापासून मनगटापर्यंतची दोन्ही हाडं एकमेकांवर पिळली जातात. उभा माऊस हस्तांदोलनासारखा धरायचा असतो, त्यामुळे हा पीळ बराच सुटतो. तरी तो रामबाण नव्हे. माऊस कीबोर्डला खेटून ठेवावा, पुढच्या रकान्यात जायला टॅब दाबावा, मधूनमधून हात मोकळा करावा. रात्री बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर बाम चोळत न बसता डॉक्टर गाठावा. आणि रांगेतल्या मंडळींनीही दोन मिनिटं कळ काढावी. विमा पिकाला आहे, फॉर्म भरणाऱ्याच्या मनगटाला नाही.