कुलूप शाबूत, ऐवज नाहीसा

घरफोडीच्या जुन्या पंचनाम्यांत एक वाक्य हटकून आढळे: अज्ञात इसमाने दाराचा कडीकोयंडा उचकटून आत प्रवेश केला. निजामाची अमलदारी जाऊन लोकांचे राज्य आले, ठाण्याच्या दप्तराची भाषा उर्दूची मराठी झाली, अनेक फौजदार आले आणि गेले, तरी त्या वाक्याचे स्थान ढळले नाही. ते योग्यच होते, कारण उचकटलेला कोयंडा हा मुका असला तरी अत्यंत विश्वसनीय साक्षीदार असतो. घरधन्याने दार लावले होते, आत शिरलेला मनुष्य परवानगीने शिरलेला नव्हता, आणि फिर्यादी सांगतो ती घटना खरोखर घडली आहे, या तिन्ही गोष्टी तो एकटा सांगतो. गेलेला ऐवज परत मिळो न मिळो, ज्याचे घर फुटले त्याच्या सचोटीविषयी निदान कोणी प्रश्न विचारत नसे.

मोटारगाडीतून होणाऱ्या चोरीत हा साक्षीदार आता नाहीसा होऊ लागला आहे, आणि त्यामुळे फिर्यादीच आरोपीच्या जागी उभा राहू लागला आहे. आजच्या लेखाचा विषय एवढाच आहे. आपल्या भूम तालुक्याला तो दूरचा वाटू नये. हा खव्याचा मुलूख आहे. भूम-वाशीकडच्या भट्ट्यांवरचा खवा पहाटे गाडीत भरून परगावी जातो आणि त्याच गाडीतून त्याची रोकड परत येते. कुलभूषण-देशभूषण मुनींच्या निर्वाणाने पावन झालेल्या, आणि १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी जेथे सल्लेखना घेऊन देह ठेवला त्या कुंथलगिरीला देशभरातून श्रावक येतात, ते मोटारींनीच. चैत्रात येरमाळ्याच्या येडेश्वरीला चुन्याचे खडे वेचण्यासाठी आणि आश्विनात तुळजापूरला भवानीच्या दर्शनासाठी लोटणारा समुदाय आपली वाहने मोकळ्या रानात ओळीने उभी करून, अंगावरचे दागिने गर्दीच्या भयाने काढून, गाडीच्याच कप्प्यात ठेवून निघतो. लग्नसराईत मंगल कार्यालयासमोर उभ्या असलेल्या गाडीत आहेराची पाकिटे असतात, आणि बाजाराच्या दिवशी बँकेतून नुकतीच उचललेली पीककर्जाची रक्कम असते. अशा रीतीने मोटार हे आपल्या भागात केवळ वाहन राहिलेले नसून काही तासांपुरती ती तिजोरी झाली आहे, आणि त्या तिजोरीचे संरक्षण किल्लीवरच्या एका बटणाकडे सोपवलेले आहे.

त्या बटणाचे कार्य कसे चालते हे गाडी विकताना कोणी समजावून सांगत नाही, म्हणून ते येथे सांगितले पाहिजे. ॲम्बॅसेडर, पद्मिनी किंवा पहिली मारुती ८०० ज्यांनी वापरली त्यांना प्रत्येक दाराची कळ हाताने दाबून, चालकाच्या दाराला किल्ली फिरवून, नंतर दार ओढून पाहण्याची सवय होती. १९८२ साली रेनो कंपनीच्या फुएगो या गाडीने दुरून उघडणारे कुलूप प्रथम बाजारात आणले आणि यथावकाश ते आपल्याकडेही सर्वसाधारण गाड्यांत आले. आता प्रत्येक दाराच्या पोकळीत एक लहानशी विजेची मोटर असते, तिची प्लॅस्टिकची दातेरी चक्रे कुलपाची दांडी सरकवतात, आणि या साऱ्या मोटरींना एका मध्यवर्ती पेटीकडून आज्ञा जाते. परंतु पुष्कळ गाड्यांत दिवे लुकलुकतात ते आज्ञा सुटली म्हणून; चारही दारांनी ती पाळली याची ती पोच नसते. एखाद्या मोटरीचे चक्र झिजले, दाराच्या बिजागरीपाशी वाकून वाकून आतली तार तुटली, किंवा आपल्याकडच्या धुळीने दांडी जड झाली, म्हणजे तीन दारे बंद होतात आणि चौथे तसेच राहते. मालक मात्र दिवे पाहून निर्धास्तपणे देवळाची पायरी चढतो. स्वयंचलित कुलपाच्या इतबाराविषयी प्रश्न विचारायचा तो येथून.

याहून गंभीर प्रकार बुद्धिपुरस्सर फसवणुकीचे आहेत. किल्लीतला रिमोट सामान्यतः ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर बोलतो, आणि जवळच उभ्या असलेल्या माणसाने त्याच लहरींवर नुसता गोंगाट सोडला तर गाडीला आज्ञा ऐकूच जात नाही. दर वेळी संकेत बदलण्याची युक्ती यावर उपाय म्हणून मानली जात होती. परंतु सॅमी कामकर या अमेरिकन संशोधकाने २०१५ साली असे एक स्वस्त उपकरण करून दाखवले, की ते गोंगाटही करते आणि मालकाने पाठवलेला, अद्याप न वापरलेला संकेत स्वतःजवळ साठवूनही ठेवते. ज्या गाड्यांत किल्ली खिशात ठेवून नुसते जवळ गेले की दार उघडते, त्यांचा प्रकार निराळा आहे. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील तीन संशोधकांनी २०११ साली आठ कंपन्यांच्या दहा गाड्या तपासल्या, आणि मालकाच्या खिशातल्या किल्लीचा आवाज मधल्या मध्ये उपकरणाने लांबवर पोहोचवून त्या दहाही गाड्यांना फसवता येते असे त्यांना आढळले. यात किल्ली चोरावी लागत नाही, संकेत फोडावा लागत नाही. किल्ली जवळ आहे असा गाडीचा समज करून दिला की पुरे. आपल्या तालुक्यात अशी उपकरणे घेऊन कोणी फिरतो असे माझे प्रतिपादन नाही. येथे अजून बहुधा काचच फुटते, किंवा चाकात हवा नाही, इंजिनातून तेल गळते आहे असे सांगून चालकाला खाली उतरवले जाते आणि दुसऱ्या बाजूच्या दाराने पिशवी लांबवली जाते. परंतु राजमार्ग आपल्या शिवेजवळून जातो, आणि मोठ्या शहरांतले कसब लहान गावी यायला फार काळ लागत नाही.

या गोष्टी अशा उघडपणे लिहाव्यात का, अशी शंका काही सज्जन वाचकांना येईल. ती शंका नवी नाही. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी अल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन कारागिराने चब कंपनीचे नामांकित कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडले, आणि पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत कित्येक दशके आव्हान म्हणून मांडून ठेवलेले ब्रामाचे कुलूपही, सोळा दिवसांत मिळून पन्नासहून अधिक तास खपून, जिंकले. तेव्हाही चोरांना विद्या शिकवल्याचा आरोप झाला होता. त्याला हॉब्सच्या पक्षाचे उत्तर असे होते, की चोरांना ती आधीच अवगत असते. अज्ञानात असतो तो कुलूप विकत घेणारा. मला हे उत्तर पूर्णपणे मान्य आहे. मुंबईत घरफोड्या वाढल्याचे वाचून १८९७ साली लालबागेत कुलपांचा कारखाना काढणाऱ्या अर्देशीर गोदरेज यांनी आपल्या कुलपांवर लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्यांच्यासोबत हमीपत्र दिले होते. मोटारीच्या कुलपाबाबत मात्र अशी हमी कोणी देत नाही. उलट गाडीत मौल्यवान वस्तू ठेवू नयेत असे एक वाक्य पुस्तिकेत छापले म्हणजे कर्तव्य संपले असे मानले जाते.

आता परिणाम पाहा. एखादा खव्याचा व्यापारी ठाण्यात येतो आणि सांगतो, की गाडी बंद केली होती, परत येऊन पाहतो तो रोकड नाही. काच शाबूत, कुलूप शाबूत, दाराच्या रबराला ओरखडा नाही. पहिला प्रश्न विचारला जातो तो असा: “गाडीत पैसे ठेवलेच कशाला?” आणि दुसरा: “नक्की लॉक केली होती का?” या प्रश्नांना प्रामाणिक मनुष्याजवळ आपल्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नसतो. कित्येकदा चोरीची फिर्याद नोंदवण्याऐवजी वस्तू गहाळ झाल्याचा एक कागद हातावर ठेवला जातो आणि प्रकरण तेथेच मिटते. विमा कंपनीकडे गेले तर मूळ विमा गाडीचा, तिच्यातल्या सामानाचा नव्हे. गाडीच नाहीशी झाली असेल तर दोन्ही किल्ल्या हजर करा, आणि एक जरी नसेल तरी संशय तुमच्यावर.

मला याहून अधिक भय वाटते ते त्या संशयाच्या पुढच्या प्रवासाचे. चोरीने खूण मागे ठेवली नाही, म्हणून संशय घ्यायचा कोणी थांबत नाही. तो सर्वांत दुर्बळ माणसाच्या दिशेने वळतो. प्रथम तो गाडीच्या चालकावर जातो, कारण किल्ली त्याच्या हाती होती. मग गाडी धुणाऱ्या पोरावर. आणि तेथेही काही हाती लागले नाही म्हणजे माळावरच्या पारध्यांच्या पालांवर. इंग्रजांनी १८७१ साली काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता, आणि त्यातून पुढे आलेल्या कायद्यांच्या अमलात शेजारच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआड माणसे कोंडली गेली होती. त्या वर्गातील लोक ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कागदोपत्री विमुक्त झाले. परंतु दप्तरातून गेलेली गोष्ट मनातून गेली असे या भागात राहणारा कोणीही विचारी मनुष्य शपथेवर सांगू शकणार नाही. विनाखुणेच्या प्रत्येक चोरीगणिक त्या जुन्या समजुतीला खतपाणी मिळते. म्हणून मोटारीच्या कुलपाचा प्रश्न मी केवळ मोटारवाल्यांचा मानत नाही. ज्याच्यापाशी सायकलही नाही अशा माणसाच्या अब्रूचा आणि स्वातंत्र्याचा संबंध त्याच्याशी जडलेला आहे.

कायद्याने या बाबतीत उशिरा का होईना, एक पाऊल टाकले आहे. १८६० ची भारतीय दंडसंहिता, जी आपल्या या पूर्वीच्या हैदराबाद संस्थानच्या मुलखात १९५१ साली लागू झाली, तिच्या ३८० व्या कलमात इमारत, तंबू किंवा जहाज यांतून केलेल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. पाण्यावर चालणारे वाहन त्यात आले. रस्त्यावरची बैलगाडी आली नाही, आणि पुढे मोटारही आली नाही. म्हणजे होडीतल्या गाठोड्याला जे संरक्षण होते ते आमच्यासारख्या कोरड्या मुलखातल्या गाडीतल्या गाठोड्याला दीडशे वर्षांहून अधिक काळ नव्हते. तेथे साध्या चोरीचे तीन वर्षांचे कलम लागे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३०५ व्या कलमाने माल किंवा प्रवासी यांच्या वाहतुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या साधनातून केलेली चोरी सात वर्षांच्या शिक्षेस पात्र केली आहे. खासगी गाडी या शब्दांत कितपत मावते याचा निर्णय न्यायालये करतील. परंतु खव्याची पिकअप आणि यात्रेकरूंची जीप त्यात निःसंशय येते, आणि कुटुंबाला घेऊन जाणारी मोटारही यावी असे माझे मत आहे, कारण तिच्यात बसलेली माणसे प्रवासी नसतील तर कोण आहेत?

कलम कोणते लागले याला केवळ शिक्षेपुरते महत्त्व नाही. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावा गोळा करावा, असे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १७६ वे कलम सांगते. राज्याने पाच वर्षांच्या आत ही तरतूद अमलात आणायची आहे. ज्या चोरीत डोळ्यांना दिसणारी खूणच नसते तिच्यात बोटांचे ठसे आणि यंत्रातल्या नोंदी वाचणारा हा तज्ज्ञ सर्वाधिक आवश्यक आहे. गहाळ म्हणून नोंदलेल्या प्रकरणात तो कधीच येणार नाही.

येथे कुलपाच्या बाजूनेही एक गोष्ट बोलणे न्यायाचे आहे. मोटारीचे दार तिजोरीच्या दाराइतके अभेद्य करता येत नाही आणि करूही नये, कारण तिच्यात माणसे असतात. बाजूच्या काचेचे फुटल्यावर बारीक, बोथट तुकडे होतात ते माणसाला जखम होऊ नये म्हणून, आणि अपघातात तीच फोडून आतल्या माणसाला बाहेर काढता येते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतले तापमान तासाभरात सुमारे वीस-बावीस अंशांनी वाढते, त्यातला बहुतेक भाग पहिल्या अर्ध्या तासातच, आणि काच बोटभर उघडी ठेवल्याने विशेष फरक पडत नाही, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, कॅलिफोर्नियातील प्रयोगांत दिसून आले. आपल्या वैशाखात किल्ली आत राहून दारे आपोआप लागली आणि मूल आत अडकले, तर चोराला रोखणारे तेच कुलूप प्राणघातक ठरते. तेव्हा अधिक बळकट कुलूप मागण्यात अर्थ नाही. मागायचे ते खरे बोलणारे कुलूप.

अशा कुलपाकडून अपेक्षा फार नाही. चारही दारे खरोखर लागली तरच गाडीने दिवे लुकलुकवावेत, आणि एक जरी उघडे राहिले तरी ओरडून सांगावे. शिवाय ठाण्यात जसा रोजनामचा असतो आणि त्यात प्रत्येक आगमन-निर्गमनाची वेळ लिहिलेली असते, तसा गाडीच्या त्या मध्यवर्ती पेटीत दार केव्हा लागले, केव्हा उघडले आणि कोणत्या किल्लीने उघडले याची नोंद राहावी, आणि ती मालकाला विनाशुल्क व विनाविलंब मिळावी. काही महागड्या गाड्यांत अशा नोंदी आजही होतात. परंतु त्या कंपनीच्या ताब्यात असतात, फिर्यादीच्या हाती येत नाहीत. वाहनांच्या सुरक्षेचे नियम करणाऱ्या केंद्रीय परिवहन मंत्रालयाने सीटबेल्टच्या सूचनेप्रमाणे ही नोंददेखील सक्तीची करावी.

तोपर्यंत यात्रेला किंवा लग्नाला जाणाऱ्या वाचकाने बटण दाबल्यावर प्रत्येक दार हाताने ओढून पाहावे, आणि दुर्दैवाने चोरी झालीच तर गाडीला इतर कोणाचा हात लागण्यापूर्वी ठाण्यास कळवावे. फिर्यादीत दार ओढून पाहिल्याचे आणि त्या वेळी शेजारी कोण होते त्याचे स्पष्ट नमूद करावे. गहाळचा कागद देऊ केल्यास तो नम्रपणे नाकारून चोरीचीच नोंद मागावी. ठाण्यापर्यंत लगेच जाणे शक्य नसेल तर फिर्याद इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवून तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करता येते, ही सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने दिली आहे.

— पांथस्थ