पुरस्कार सोहळा आणि निनावी वादक

चित्रपटसंगीताचे वार्षिक पुरस्कार जाहीर झाले की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत विजेत्यांची यादी झळकते. संगीतकार, गीतकार, गायक, गायिका, अशी चार-पाच नावे, हाती बाहुली घेतलेले तितकेच चेहरे, आणि कोणाला डावलले गेले याविषयी आठवडाभर पुरेल एवढी चर्चा. सोलापूर जिल्ह्यातील वाचक ही यादी २०१६ नंतर अधिक आपुलकीने वाचू लागला, यात नवल नाही. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे, अकलूजची रिंकू राजगुरू आणि करमाळ्याच्या परिसरात चित्रित झालेला 'सैराट' यांनी या जिल्ह्याची बोली आणि इथला माळ घरोघर पोहोचविला. शंभर कोटींच्या पलीकडे उत्पन्न गेलेला हा पहिला मराठी चित्रपट. त्याच्या यशात अजय-अतुल यांच्या संगीताचा वाटा किती होता, हे गणपतीच्या मिरवणुकीत उभे राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. त्या वर्षीच्या मराठी फिल्मफेअरमध्ये 'सैराट'ने अकरा पुरस्कार पटकाविले आणि संगीताचा मान अजय-अतुल यांच्याकडेच गेला. तो यथोचितच होता.

तथापि, पुरस्काराच्या यादीकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहावयाचे ठरविले, तर त्याचे लक्ष छापलेल्या नावांपेक्षा न छापलेल्या नावांकडे जाईल. गाणे हे सामुदायिक उत्पादन आहे. ते एक जण लिहितो, दुसरा चाल बांधतो, तिसरा गातो. पण ज्या ठेक्यावर लोक नाचतात तो ठेका कोणीतरी हाताने वाजविलेला असतो, ज्या सनईने डोळ्यांत पाणी येते ती कोणीतरी फुंकलेली असते. ही मंडळी कोण? २००८ सालच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत 'जोगवा'ने संगीताचे जवळजवळ सारे मान मिळविले. संगीतकार म्हणून अजय-अतुल, गायक हरिहरन, गायिका श्रेया घोषाल. चित्रपटाचा विषय जोगत्यांचा, म्हणजे चौंडके आणि तुणतुणे ज्यांच्या उपजीविकेचा आधार त्या लोकांचा. त्या वाद्यांचा नाद ज्यांच्या बोटांतून उमटतो त्यांच्यासाठी मात्र पुरस्कारांच्या तक्त्यात रकानाच नाही. यात परीक्षकांचा दोष नाही. जो रकाना अस्तित्वात नाही तो परीक्षक कसा भरणार?

हे तक्ते कोणी ईश्वराने आखून दिलेले नाहीत, याची साक्ष याच पुरस्कारांच्या इतिहासात आहे. १९५४ साली फिल्मफेअर पुरस्कार सुरू झाले तेव्हा संगीतकाराला पारितोषिक होते, गायकाला नव्हते. 'चोरी चोरी'साठी शंकर-जयकिशन यांना पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या सोहळ्यात त्यांचे गाणे गाण्यास लता मंगेशकर यांनी नकार दिला. गायकांसाठी तुमच्याकडे पुरस्कारच नाही, तर वाद्यांवर चाल वाजवून घ्या, अशी त्यांची भूमिका होती. १९५९ साली पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी तो 'मधुमती'तील गाण्यासाठी त्यांनाच मिळाला. गायक आणि गायिका यांच्यासाठी स्वतंत्र पुरस्कार यावयास आणखी सुमारे दहा वर्षे लागली. त्याहूनही मागची कथा 'महल'ची आहे. १९४९ साली या चित्रपटाच्या गाण्याची तबकडी निघाली, तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून लताबाईंचे नव्हे, तर पडद्यावरील पात्राचे, 'कामिनी'चे नाव छापलेले होते. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा केली, मग खरे नाव पुढे आले. ज्या आवाजाने पुढे अर्धे शतक गाजविले त्या आवाजालाही स्वतःचे नाव असे मागून घ्यावे लागले!

नाव हा केवळ मानाचा प्रश्न असता तर त्यावर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. नाव ही मिळकत आहे. सोलापूरकरांना हे कोणी शिकवावयाची गरज नाही. गिरण्यांच्या काळात ज्याचे नाव मस्टरवर तो कामगार, आणि ज्याचे नाही तो दारावर उभा राहणारा बदली, हा भेद या शहराने पिढ्यान्‌पिढ्या भोगलेला आहे. विडी वळणाऱ्या बाईचे नाव कारखान्याच्या पुस्तकावर चढले तर तिला फंड, ओळखपत्र, मुलांची शिष्यवृत्ती. आणि दुसऱ्याच बाईच्या नावावर ती विड्या वळून देत असेल तर हजारी मजुरीपलीकडे काही नाही. विड्या त्याच, बोटेही तशीच. अंतर पुस्तकातल्या एका ओळीचे.

संगीताच्या व्यवसायातही कायद्याने नेमकी हीच रेघ ओढली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गायक-वादकांना कोणताच हक्क नव्हता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माता होय, असा निर्णय दिला. त्या निकालास न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक छोटी पुरवणी जोडली. संगीतकाराला कायद्यात स्थान आहे, पण ज्याच्या कंठातून ते संगीत लोकांपर्यंत जाते त्या गायकाला नाही, ही गोष्ट भारतीय वृत्तीस धरून नाही व संसदेने तिचा विचार करावा, असा त्या पुरवणीचा आशय होता. संसदेला विचार करावयास सतरा वर्षे लागली. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा हक्क मान्य झाला, परंतु चित्रपटासाठी एकदा संमती दिली की तो संपुष्टात येई; म्हणजे एका हाताने दिले आणि दुसऱ्याने काढून घेतले. शेवटी २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा कराराने काढून घेता येणार नाही असे ठरले, आणि व्यापारी उपयोगासाठी झालेल्या कलाप्रयोगावर गायक-वादकांचाही स्वामित्वधनाचा हक्क पुस्तकात आला. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत व राज्यसभेबाहेर त्यासाठी केलेली खटपट प्रसिद्ध आहे.

मात्र याच दुरुस्तीत एक परंतुक आहे, आणि प्रस्तुत प्रश्नाची गाठ तेथे बसते. चित्रपटातील ज्या व्यक्तीचा सहभाग प्रासंगिक वा आनुषंगिक स्वरूपाचा आहे आणि व्यवसायाच्या रूढ प्रथेनुसार जिचे नाव श्रेयनामावलीसह कोठेही दिले जात नाही, ती व्यक्ती बहुतेक हक्कांपुरती 'कलावंत' या व्याख्येतच बसत नाही. ज्या वादकाच्या हलगीवर गाणे उभे आहे त्याचा सहभाग प्रासंगिक कसा, असे तो म्हणू शकेल. पण म्हणणे आणि सिद्ध करणे यांत अंतर आहे. नाव कोठेच नसलेल्या माणसाने आपण त्या ध्वनिमुद्रणात होतो हे दहा वर्षांनी दाखवावयाचे कशाने? नाव देत नाहीत म्हणून हक्क डळमळीत, आणि हक्क डळमळीत म्हणून नाव मागण्याची हिंमत नाही. प्रथा निर्मात्यांनी पाडावयाची आणि कायद्याने तिच्यावर शिक्का मारावयाचा!

यावर व्यवहारी माणसाचे उत्तर ठरलेले असते. वादकाला त्या दिवसाचे पैसे मिळाले, हिशेब संपला. गाणे पडले असते तर तो तोटा सोसावयास आला असता काय? हा युक्तिवाद जुना आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. साठीच्या दशकात लताबाईंनी स्वामित्वधनाची मागणी केली तेव्हा महंमद रफींसारख्या सत्प्रवृत्त कलावंताचे मत असेच होते की ठरलेले मानधन घेतल्यावर आपला हक्क उरत नाही; त्यावरून दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे सोडले होते. परंतु या युक्तिवादात एक गृहीत लपलेले आहे, ते म्हणजे काम एकदाच विकले जाते. कापड विणणाऱ्याने विणलेली चादर एकदाच खपते. ध्वनिमुद्रित ठेका मात्र रोज खपतो. आल्फ्रेड मार्शल यांनी आपल्या ग्रंथात श्रीमती बिलिंग्टन या इंग्लिश गायिकेचे उदाहरण दिले होते: मानवी आवाज जेथवर पोहोचतो तेथवरच श्रोते असणार, म्हणून गायकाच्या कमाईलाही मर्यादा असणारच, असा त्यांचा तर्क. ग्रामोफोनने ती मर्यादा पुसली. १९८१ साली शेर्विन रोझेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने पुढचा दुवा जोडला: पुनरुत्पादन जवळजवळ फुकट होऊ लागले की गुणांतील थोड्या फरकाने उत्पन्नात प्रचंड फरक पडतो आणि सारी बाजारपेठ थोड्या नामवंतांच्या मागे जाते. पुरस्कार सोहळा हा फरक आणखी वाढवितो. विजेत्याचा दर चढतो; वादकाचा दर पाळीला असतो तोच राहतो. 'सैराट'ची कथा व गाणी कन्नडमध्ये गेली, 'झिंगाट' २०१८ साली 'धडक'मधून हिंदीत गेले. प्रत्येक वळणावर गाणे पुन्हा कमावते.

परदेशात हा प्रश्न आपोआप सुटला असे कोणी समजू नये. अमेरिकन वादकांच्या संघटनेने १९४२ ते १९४४ या काळात ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. तबकड्यांनी वादकांच्या पोटावर पाय आणला आहे, तेव्हा प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम वादकांच्या निधीत जमा करा, ही त्यांची मागणी, आणि महायुद्ध चालू असतानाही ती त्यांनी रेटून मान्य करून घेतली. संघटनेच्या करारांखाली तयार झालेला चित्रपट पुढे दूरदर्शनवर वा अन्यत्र दाखविला गेला की त्यातील वादकांना वाटा मिळावा, असा निधी तेथे १९७२ पासून आहे. ग्रॅमी पुरस्कारांनी तर १९५९ च्या पहिल्याच सोहळ्यात ध्वनिमुद्रकालाही पारितोषिक दिले होते. आपल्याकडे मात्र गोमंतकातून आलेल्या, वाद्यमेळाची सारी मांडणी करणाऱ्या सेबॅस्टियन डिसोझांसारख्यांचे नाव फार तर 'सहायक' म्हणून पडद्यावर चमकून जाई. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस या व्हायोलिनवादकाचे नाव देशभर झाले ते 'अमर अकबर अँथनी'तील एका पात्राचे नाव म्हणून, शिष्य प्यारेलाल यांच्या कृतज्ञतेमुळे!

मराठी मुलखाला हे अधिक खटकावे, कारण आपली रीत याच्या नेमकी उलट आहे. कोणत्याही गावातील गाण्याच्या बैठकीची निमंत्रणपत्रिका उघडून पाहावी. गायकाच्या नावाखाली तबला, संवादिनी, तानपुरा अशी साथीदारांची नावे छापलेली असतात. हुतात्मा स्मृति मंदिरातल्या साध्या कार्यक्रमातही निवेदक शेवटी प्रत्येकाचे नाव घेतो आणि लोक टाळ्या वाजवितात. एके काळी ज्याला हेटाळणीने 'तबलजी' म्हणत त्या वर्गातील झाकीर हुसेन यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळविले, ते वादकाचे नाव घेण्याची ही रीत हळूहळू रुजत गेल्यामुळेच. पण झाकीर हुसेन यांची वाट खासगी मैफलींनी आणि विदेशी व्यासपीठांनी मोकळी केली होती. हलगीवाल्याची वाट जातीने अडविलेली आहे. ज्या समाजांकडे हे वाद्य परंपरेने आले, त्यांचे वाजविणे 'काम' समजले गेले, 'कला' नव्हे. मिरवणुकीत त्याने पुढे चालावयाचे, पण पंगतीत मागे बसावयाचे. लग्नसराईतील सुपाऱ्या डीजेने खाल्ल्या. उरलेल्या हंगामात विसार घेऊन वाजविणाऱ्या माणसाला चित्रपटाच्या स्टुडिओचे बोलावणे येते, तेव्हा ते त्याला भाग्य वाटते. तो करार मागत नाही.

वादकांना ताबडतोब स्वामित्वधनाचे धनादेश मिळू लागावेत, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. एका गाण्यातील पन्नास वाजविणाऱ्यांत वाटा कसा पाडावयाचा हा किचकट प्रश्न आहे, आणि संगणकातून काढलेल्या ठेक्यांनी तो अधिक किचकट केला आहे. पण नावनोंदणीला काही खर्च नाही. पुरस्कार देणाऱ्या संस्थांनी, आणि सर्वांआधी राज्य शासनाने आपल्या चित्रपट पुरस्कारांसाठी, संगीत विभागातील प्रवेशिकेसोबत प्रत्येक गाण्यातील वादकांची नावे व वाद्ये यांचा तक्ता सक्तीचा करावा. तीच नावे श्रेयनामावलीत नसतील तर प्रवेशिका नाकारावी. एवढे झाले तरी 'कोठेही नाव नाही' हा परंतुकाचा आधार सुटेल, आणि पुढे मागणी करावयाची वेळ आली तर वादकाच्या हाती कागद असेल. वाद्यवादनासाठी स्वतंत्र पारितोषिक हवे की नको, हा वाद नंतर निवांतपणे घालता येईल. निर्माते या अटीला त्रासदायक म्हणतील; परंतु पारितोषिकाची बाहुली हवी असलेला निर्माता एका पानाच्या तक्त्यासाठी माघार घेणार नाही. पुढील वर्षाच्या प्रवेशिकांचे नमुने छापावयास जाण्यापूर्वीच त्यांत हा रकाना घातला गेला पाहिजे.