कपाट हवेमुळे भरत नाही



‘वर्षभर वापरलं नाही ते काढून टाका’ हा नियम आमच्या बदनापुरात चालत नाही. फेब्रुवारीत पहाटे स्वेटर, दुपारी सुती साडी. २०१४ला तर मराठवाड्यात मार्चमध्ये गारा पडल्या. स्वेटर, शाल, रेनकोट राहू द्या. पण बघा, ते सगळं एका खणात मावतं! बाकीचे खण आहेरातल्या, घडीही न मोडलेल्या साड्यांनी भरलेत आणि दोष मात्र हवेला.

श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात कपड्यांचीही मर्यादा येते. तत्त्वार्थसूत्र तर मूर्च्छेलाच, म्हणजे आसक्तीलाच, परिग्रह म्हणतं. जुन्या स्वेटरवर कुणाची हो आसक्ती असते? साड्यांचा आकडा ठरवा, चातुर्मासाआधीच. वरच्या साड्या लग्नसराईतच देऊन टाका, म्हणजे कुणीतरी नेसेल. फाटक्या मात्र देऊ नका, त्यांची पायपुसणी करा.